लाकडी सांगाड्याची मोटार

इंग्लंडमधल्या मॉर्गन मोटारीबद्दल एक समज जगभर पसरलेला आहे. ही गाडी म्हणे आख्खी लाकडाची असते, अगदी चॅसीसुद्धा! मोटारींच्या शौकिनांच्या गप्पांत मी हे अनेकदा ऐकलं आहे. खरी गोष्ट थोडी निराळी आणि जास्त गमतीची आहे. मॉर्गनची चॅसी शंभरेक वर्षं पोलादाची होती, आता ती अ‍ॅल्युमिनियमची आहे. वरचा पत्रा धातूचाच असतो. लाकूड असतं ते या दोहोंच्या मधे. दार, खिडकीची कड, मागच्या चाकावरची कमान, आसनामागची बाजू या सगळ्यांना आकार देणारा सांगाडा अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा असतो. तो सुतार हातानं जुळवतात आणि मग त्यावर पत्रा चढतो. बाहेरून पाहणाऱ्याला एक ढलपीसुद्धा दिसत नाही.

हे मला पटकन समजलं याचं कारण माझी जुनी नोकरी. बँकेत असताना ट्रकसाठी कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. त्या काळी अर्जाला दोन कोटेशनं जोडलेली असत. एक चॅसीचं, कंपनीच्या विक्रेत्याकडून आलेलं. दुसरं बॉडीचं, कुठल्या तरी हायवेलगतच्या शेडमधून आलेलं. नुसती चॅसी, वर लाकडाच्या खोक्यावर बसलेला ड्रायव्हर, अशी गाडी त्या शेडपर्यंत जायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी फळ्यांची बॉडी लेवून, रंगरंगोटी करून बाहेर पडायची. यंत्र एकाचं आणि अंग दुसऱ्याचं, ही पद्धत आपल्याकडे फार काळ टिकली. मोटारीच्या जन्मकाळी सगळ्या जगात हीच पद्धत होती. घोडागाड्या बांधणारे सुतारच मोटारींच्या बॉड्या बांधत. पुढे दाबयंत्रातून निघणारा पोलादी पत्रा आला आणि सुतार कारखान्याबाहेर गेले. एका कारखान्यातून मात्र ते गेले नाहीत. तो कारखाना ज्यानं काढला त्या हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ले मॉर्गन या माणसाची ही गोष्ट.

मॉर्गनचा जन्म ११ ऑगस्ट १८८१चा, हेरफर्डशायरमधल्या मोर्टन जेफ्रीज या खेड्यातला. वडील हेन्री जॉर्ज मॉर्गन हे धर्मगुरू. स्टोक लेसी या गावचं चर्च त्यांच्याकडे होतं आणि त्यांच्या आधी ते त्यांच्या वडिलांकडे होतं. म्हणजे आपल्याकडच्या पिढीजात उपाध्येपणासारखाच प्रकार. थोरल्या मुलानं तीच गादी चालवावी अशी अपेक्षा कुणी केली असती तर त्यात नवल नव्हतं. पण मुलाचं मन चाकांत, दांड्यांत आणि वाफेच्या इंजिनांत होतं. या पित्यानं मुलाच्या हातात पोथी दिली नाही. त्याला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या इंजिनिअरिंग कॉलेजात घातलं आणि अठराव्या वर्षी ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या स्विंडन इथल्या वर्कशॉपमध्ये उमेदवारीला पाठवलं. तिथले मुख्य अभियंता विल्यम डीन हे त्याचे गुरू. रेल्वेच्या शिस्तीत त्यानं काही वर्षं काढली, ड्रॉइंग ऑफिसातही काम केलं.

मोटारीची त्याची पहिली मोठी ओळख जिवावर बेतली होती. हेरफर्डच्या एका मोटार विक्रेत्याकडून त्यानं साडेतीन हॉर्सपॉवरची बेंझ भाड्यानं घेतली. ब्रॉमयार्डहून हेरफर्डला येताना सहास एक असा चढ आहे, म्हणजे जाताना चढ आणि येताना उतार. त्या उतारावर गाडी हाताबाहेर गेली. पोरगा वाचला, गाडीची दुरुस्ती २८ पौंडांना पडली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. दुसरा बाप असता तर त्यानं मोटारीचं नाव काढू दिलं नसतं. इथे मात्र काही काळानं मुलगा ईगल कंपनीच्या तीनचाकीवर आणि नंतर लिटल स्टार नावाच्या छोट्या मोटारीवर हिंडताना दिसतो.

रेल्वेची नोकरी सोडून १९०५च्या सुमारास मॉर्गननं मॉल्व्हर्न लिंक इथे मित्राच्या भागीदारीत गॅरेज काढलं. मॉल्व्हर्न हे टेकड्यांच्या पायथ्याचं, झऱ्यांच्या पाण्यासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. वोल्सली आणि दराक या गाड्यांची एजन्सी घेतली, एक छोटी बससेवाही चालवून पाहिली. बस फार चालली नाही, गॅरेज चाललं. पण दुसऱ्यांच्या गाड्या विकून आणि दुरुस्त करून या माणसाचं समाधान होणार नव्हतं.

त्यानं एक पेजो इंजिन घेतलं, दोन सिलिंडरचं, सात हॉर्सपॉवरचं. विचार होता मोटारसायकल बांधण्याचा. मग त्याला वाटलं, दोन चाकांवर तोल सांभाळण्यापेक्षा तीन चाकं बरी. मॉल्व्हर्न कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये स्टीफन्सन-पीच नावाचे इंजिनिअरिंगचे शिक्षक होते. त्यांच्या मदतीनं १९०९ मध्ये पहिली मॉर्गन उभी राहिली. एका माणसापुरती जागा, सुकाणूसारखा दांडा, पुढे दोन चाकं आणि मागे एक. आपल्या रिक्षाच्या बरोबर उलट. रिक्षा वेगात वळवली की आतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. मॉर्गनमध्ये रुंद पाया पुढे होता, वजनही पुढे होतं, त्यामुळे ती वळणावर जमिनीला धरून राही. पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र, उभ्या खांबावर वर-खाली सरकणारी स्प्रिंगची रचना होती. ही रचना पुढे शंभरेक वर्षं, थोड्याफार फरकानं, मॉर्गन गाड्यांत टिकून राहिली. मोटारीच्या इतिहासात इतकं दीर्घायुष्य फार थोड्या कल्पनांच्या वाट्याला आलं असेल.

या रचनेचं पेटंट घेतलं गेलं. पेटंटाचे नकाशे काढायला वकिलाच्या कचेरीत एक होतकरू तरुण होता. त्याचं नाव जॉन ब्लॅक. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावं, चाळीस वर्षांनी तो परत येणार आहे.

१९१०च्या नोव्हेंबरात लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात मॉर्गननं दोन गाड्या मांडल्या. लोक थांबून बघत, चौकशी करत आणि पुढे जात. कारण साधं होतं, गाडीत एकच माणूस बसू शकत होता. बायकोला घरी ठेवून फिरायला जाणारे ग्राहक फार नव्हते. मॉर्गननं दोन गोष्टी केल्या. त्याच डिसेंबरात लंडन ते एक्झिटर आणि परत अशा खडतर चाचणीत तो स्वतः आपली गाडी घेऊन उतरला आणि सुवर्णपदक घेऊन आला. आणि पुढच्या वर्षी त्यानं दोघांची गाडी बांधली. लंडनच्या हॅरॉड्स या बड्या दुकानानं तिची एजन्सी घेतली आणि तिला दर्शनी काचेमागे मानाची जागा दिली.

आता मागण्या आल्या आणि त्या इतक्या आल्या की गॅरेजच्या आवाक्याबाहेर गेल्या. मॉर्गन मोठ्या कारखानदारांकडे गेला, माझी गाडी तुम्ही बनवून द्या म्हणाला. कुणी हो म्हटलं नाही. मग त्यानं ग्राहकांनी आगाऊ भरलेल्या रकमांतून यंत्रं घेतली, गॅरेज वाढवलं आणि स्वतःच बनवायला लागला. वडिलांनीही पैसा घातला. मी आयुष्यभर लघुउद्योगांचे प्रस्ताव वाचले आहेत. माझ्या मते त्या कारखान्याचं सगळं पुढचं चरित्र या एका घटनेत आहे. ग्राहक आधी पैसे देतो, मग गाडी बनते. गोदामात माल पडून नाही, त्यावर व्याज चढत नाही. दारात रांग ठेवायची आणि रांगेपेक्षा हळू धावायचं, ही रीत तिथूनच पडली असावी.

१९१२ मध्ये कंपनी रीतसर नोंदली गेली. अध्यक्ष वडील, व्यवस्थापकीय संचालक मुलगा. खेड्यातला एक धर्मगुरू मोटार कंपनीचा अध्यक्ष होतो, हे त्या काळच्या इंग्लंडलाही नवीनच होतं. त्याच वर्षी मॉर्गनचं लग्न झालं. बायको रूथ हीदेखील मॉल्व्हर्नच्या एका धर्मगुरूची मुलगी. लग्नानंतर कित्येक चाचण्यांत ती नवऱ्याच्या शेजारच्या आसनावर बसलेली असे. चिखल, पाऊस, टेकड्या, पंक्चर, सगळ्याला हजर. दोघांना पुढे चार मुली आणि एक मुलगा झाला.

१९१३ मध्ये फ्रान्समधल्या आमियाँ इथे छोट्या गाड्यांची ग्रां प्री शर्यत झाली. मॅकमिनीज नावाच्या चालकानं मॉर्गन पहिली आणली. फ्रेंचांनी मग मॉर्गन ही मोटार नव्हे, साइडकार लावलेली मोटारसायकल आहे असा मुद्दा काढला. वाद व्हायचा तो झाला, पण मॉर्गननं आपल्या नव्या मॉडेलचं नाव ग्रां प्री ठेवून टाकलं. पहिल्या महायुद्धातला गाजलेला वैमानिक अल्बर्ट बॉल यानंही अशी एक मॉर्गन स्वतःसाठी घेतली होती. १९१७ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी तो लढाईत मारला गेला.

युद्धानंतरची वर्षं भरभराटीची होती. कारखाना पिकर्सले रोडवर नव्या जागेत गेला. मागणी वाढण्यामागे गाडीच्या गुणांइतकाच सरकारी कराचा हात होता. १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर दर हॉर्सपॉवरमागे १ पौंड वार्षिक कर बसला. हलक्या तीनचाकीला मात्र सरसकट ४ पौंड. छोट्यातल्या छोट्या चारचाकीला ८ पौंड भरावे लागत, तिथे मॉर्गनवाला निम्म्यात सुटे. नोकरदार तरुण जोडप्याला हा फरक जाणवणारा होता.

पण ज्या धंद्याचा एक पाय सरकारी सवलतीवर असतो त्याचं काय होतं, हे मी बँकेत पुष्कळदा पाहिलं आहे. १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन आली. चार चाकं, चार सिलिंडर, चार माणसं आणि किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यात. मॉर्गनला तर १९३१ पर्यंत रिव्हर्स गिअरसुद्धा नव्हता. मागे जायचं तर उतरून ढकला! १९२४ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत एका मॉर्गनला भीषण अपघात झाला आणि तीनचाकींना मोटारींबरोबर धावायला बंदी झाली. शेवटी १९३५ मध्ये सरकारनं हॉर्सपॉवरमागचा कर १ पौंडावरून १५ शिलिंगांवर आणला. छोट्या चारचाकीचा कर ८ वरून ६ पौंड झाला. तीनचाकीचा उरलासुरला फायदाही आटला.

मॉर्गन तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. पंचवीस वर्षं त्यानं एकच गोष्ट केली होती. या वयात माणसं आपल्या कल्पनेला कवटाळून बसतात किंवा धंदा विकून मोकळी होतात. यानं चौथं चाक लावलं. १९३६ मध्ये चार चाकं आणि चार सिलिंडर म्हणून फोर-फोर असं सरळ नाव दिलेली गाडी बाजारात आली. किंमत १८५ गिनी. इंजिन कव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीचं, विकत घेतलेलं. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, प्रुडन्स फॉसेट नावाच्या तरुणीनं जोडीदारासह ही गाडी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवली आणि तेराव्या क्रमांकावर शर्यत पूर्ण केली.

याच वळणावर लाकडाचा प्रश्न खरा उभा राहिला. बाकीचे कारखाने एकेक करून पोलादी बॉडीकडे वळत होते. दाबयंत्र एका ठोक्यात अख्खी बाजू काढी. पण त्याचे साचे प्रचंड महाग. ते परवडायचे तर एकाच आकाराच्या हजारो गाड्या खपायला हव्यात. मॉर्गनच्या गाड्या तेवढ्या खपत नव्हत्या. इंजिन बाहेरून, गिअरबॉक्स बाहेरून, जे जे दुसरा स्वस्त आणि चांगलं करतो ते विकत घ्यावं, आणि जे थोड्या संख्येत दुसरा कुणी करून देणार नाही तेवढं आपल्या छपराखाली करावं, असा त्याचा हिशेब. बॉडी ही अशी गोष्ट होती. त्यामुळे लाकूड राहिलं ते परंपरेच्या मोहापायी नव्हे, ते हिशेबात बसलं म्हणून राहिलं.

अ‍ॅश हे लाकूडही त्या कामाला योग्यच. कुऱ्हाडीचे दांडे, वल्ही, क्रिकेटचे स्टंप यांच्यासाठी इंग्लंडमध्ये पिढ्यानपिढ्या तेच वापरलं गेलं. आपल्या बैलगाडीला जशी बाभूळ, तसा तिकडे अ‍ॅश. लांब सरळ रेषा, चिवटपणा आणि धक्का बसला की तुटण्याऐवजी वाकून परत येण्याचा गुण. खडबडीत रस्त्यावर चॅसी पिळवटते तेव्हा हा सांगाडा तिच्याबरोबर थोडा पिळतो. मुरवलेलं लाकूड कापायचं, रंधायचं, तुकडे चिकटवून आणि स्क्रूनं जोडून सांगाडा उभा करायचा. मागच्या चाकावरची कमान सगळ्यांत कौशल्याची. एका फळीतून ती कापली तर रेषा तुटून कमजोर होईल. म्हणून अ‍ॅशच्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या, ओल्या असतानाच लाकडी साच्यावर वाकवायच्या आणि शिकंजांनी आवळून ठेवायच्या. सुटल्यावर कमान तो आकार धरून राहते. मग सांगाडा चॅसीवर बसतो आणि पत्र्याचा कारागीर त्या गाडीच्या मापानं पत्रा बसवतो. दोन सांगाड्यांत सुताभराचा फरक असणारच, म्हणून एका मॉर्गनचं दार दुसरीला जसंच्या तसं लागेल याची खात्री नाही. जुन्या गाडीचं लाकूड कुजतं, सांधे ढिले होतात, दार कुरकुरतं. पण कुजलेला तुकडा काढून नवा बसवता येतो. घराची तुळई बदलावी तसा.

दुसऱ्या महायुद्धात गाड्या बंद राहिल्या, कारखान्यात युद्धसामग्रीची कामं झाली. वडील त्याआधीच, तिसाच्या दशकाच्या उत्तरार्धात, गेले होते. १९४७ मध्ये लष्करातून परतलेला मुलगा पीटर कारखान्यात आला. युद्धानंतर पोलाद रेशनवर होतं आणि निर्यात करणाऱ्यालाच ते मिळे. गाड्या अमेरिकेला जाऊ लागल्या. तीनचाकी १९५२ मध्ये थांबली. ज्या गाडीनं नाव दिलं तिला निरोप देताना काय वाटलं असेल, हे मॉर्गननं कुठे बोलून दाखवल्याचं माझ्या वाचनात नाही. तो मुळात अबोल माणूस असावा.

आणि आता तो पेटंटाचे नकाशे काढणारा तरुण. जॉन ब्लॅक हे आता सर जॉन ब्लॅक झाले होते, बलाढ्य स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीचे सर्वेसर्वा. १९५० पासून मॉर्गनच्या नव्या गाडीत याच स्टँडर्डचं इंजिन बसत होतं. म्हणजे मॉर्गनची मान अर्धी त्यांच्या हातात. पन्नासच्या दशकाच्या आरंभी ब्लॅकसाहेबांनी मॉर्गन कंपनी विकत घ्यायचा प्रस्ताव ठेवला. बाप-लेकांनी नम्रपणे नाही म्हटलं. माझ्यातला बँकवाला इथे थबकतो. इंजिन पुरवणाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे केवढा धोका! उद्या त्यानं पुरवठा थांबवला तर? पण ब्लॅक यांनी सूड घेतला नाही. त्यांनी आपली स्वतःची स्पोर्ट्स गाडी काढली, ट्रायम्फची टीआर-२. ती १९५३ मध्ये आली, आणि तिचंही इंजिन मॉर्गनला मिळत राहिलं. आज स्टँडर्ड नाही आणि ट्रायम्फ मोटारही नाही. दोन्ही मोठ्या माशांच्या पोटात गेल्या आणि तो मासाही पुढे बुडाला.

मॉर्गन १५ जून १९५९ रोजी वारला. त्याची परीक्षा खरी मागाहून झाली. १९९० मध्ये सर जॉन हार्वे-जोन्स हे नामवंत उद्योगपती बीबीसीच्या कार्यक्रमासाठी कारखान्यात आले. आठवड्याला नऊ-दहा गाड्या, गाड्या एका शेडमधून दुसरीत हातानं ढकलत नेणारे कामगार आणि ग्राहकांची वर्षानुवर्षांची रांग! उत्पादन वाढवा, पद्धती बदला, किंमत चढवा, असा त्यांचा सल्ला. पीटरनं तो बहुतांशी मानला नाही. गंमत म्हणजे कार्यक्रम पाहून मागण्या वाढल्या. माझ्याकडे तो प्रस्ताव आला असता तर मीही हार्वे-जोन्सांच्याच बाजूनं शेरा मारला असता. आमच्या फॉर्ममध्ये पुढील पाच वर्षांतील अपेक्षित वाढ असा एक रकाना असे. एवढंच बरं चाललंय, असं लिहायला त्यात जागा नव्हती.

पण गोष्ट भोळेपणानं संपवणं बरं नाही. पीटर २००३ मध्ये गेला. २०१९ मध्ये कुटुंबानं कंपनीचा मोठा हिस्सा एका इटालियन गुंतवणूक कंपनीला दिला. ब्लॅकना दिलेला नकार सुमारे पासष्ट वर्षं टिकला, कायमचा नाही. २०२० मध्ये जुनी पोलादी चॅसी बंद झाली. अ‍ॅशच्या झाडांवर बुरशीचा रोग पडला आहे, ब्रिटनमध्ये तो २०१२ मध्ये आढळला आणि कित्येक रानं त्यानं पोखरली. म्हणजे हिशेब पुन्हा बदलू शकतो.

तरी सांगाडा अजून लाकडाचाच आहे, नव्या मालकांनाही तो काढावासा वाटला नाही. पिकर्सले रोडवर पट्ट्या आजही साच्यावर वाकवतात. धंदा वाढवणाऱ्यांची चरित्रं आपल्याकडे भरपूर छापली जातात आणि मुलांच्या हाती दिली जातात, ते चांगलंच आहे. पण धंदा किती वाढवायचा नाही हे ज्याला कळलं, आणि गळ्याशी आल्यावर चौथं चाक लावायलाही जो लाजला नाही, अशा माणसाचं चरित्र त्यांच्या शेजारी ठेवायला हवं. घरात एखादा मुलगा पुस्तकं बाजूला सारून स्क्रू खोलत बसलेला असेल, तर त्याच्या वडिलांनी स्टोक लेसीच्या त्या धर्मगुरूचीही आठवण ठेवावी.